मेजरबाई आणि त्यांची डकोटा

मेजरबाईंना हळू बोलता येत नसे. वॉर्डाच्या एका टोकाला उभ्या राहून त्या ‘सिस्टर, जरा इकडे ये’ म्हणाल्या की दुसऱ्या टोकाचा पेशंट दचकून जागा होई, आणि फाटकाबाहेर डुलक्या काढणारा रिक्षावालाही. नवीन पेशंटचे नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारत, ‘तुमच्या मेट्रनबाई सारख्या चिडलेल्या का असतात हो?’ मी सांगायची, ‘चिडलेल्या नाहीत. विमानामुळे कान गेलेत त्यांचे.’ हे ऐकून माणसं आणखीच गोंधळत.

पण ते खरं होतं. बाई लष्करात नर्स होत्या आणि मेजर होऊन निवृत्त झाल्या होत्या. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी जखमी जवानांना डकोटा विमानातून इस्पितळात आणण्याचं काम केलं. डकोटा म्हणजे दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान. दुसऱ्या महायुद्धातलं. आपल्याकडे ते चाळीसएक वर्षं राबलं. रेशन नेलं, सैनिक नेले, मेंढ्या नेल्या, जखमी आणले. त्याच्या पोटात बसलं की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागे. बाई तशा ओरडायला शिकल्या आणि मग तो आवाज त्यांना कधी खाली आणता आला नाही.

त्यांचं नाव सेलिना. वसईजवळच्या निर्मळ गावच्या. भावाची तिथे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या भावाच्या घरी राहायला आल्या आणि वसई पूर्वेला, गोखिवऱ्यात, एका छोट्या नर्सिंग होममध्ये मेट्रन झाल्या. रोज निर्मळहून जुन्या स्कूटरवरून येत. करडा फ्रॉक, पायात पुरुषी बूट, डोक्याला रुमाल. भावाशी घरच्या बोलीत बोलत, आमच्याशी मराठीत, आणि रागावल्या की लष्करी हिंदीत. ‘क्या तमाशा लगा रखा है?’ हे वाक्य ऐकलं की वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे सरळ उभे राहत.

मी चिपळूणची. नर्सिंग करून, लग्न होऊन बोळिंजला नव्या सोसायटीत राहायला आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नोकरीसाठी त्यांच्यापुढे बसले. माझी सर्टिफिकिटं त्यांनी उलटूनसुद्धा पाहिली नाहीत.

‘गाडी लागते का तुला?’

मला वाटलं, यायला गाडी लागेल का असं विचारतायत. ‘नाही, मी बसने येईन,’ म्हटलं.

‘तसं नाही गं. बसमध्ये ओकारी येते का?’

खोटं बोलायचं की खरं, ते मला कळेना. ‘घाटात येते,’ मी म्हणाले.

‘मग ये उद्यापासून. मलाही यायची. पहिल्यांदा डकोटात चढले तेव्हा माझ्या ताब्यातले सगळे जखमी ताठ बसलेले आणि मी एकटीच आडवी. पायलट म्हणाला, सिस्टर, तुम्हालाच स्ट्रेचर लावू का? मी म्हटलं, लावून बघा. तशीच उठले आणि सगळ्यांचं ड्रेसिंग बदललं. ज्याला स्वतःला त्रास होत नाही ना, त्याला दुसऱ्याचा कळायला वेळ लागतो.’

अशी मला नोकरी मिळाली.

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर डकोटाचा काळा-पांढरा फोटो होता. विमान जमिनीवर उभं, नाक वर, शेपूट खाली टेकलेलं. बाई त्याला ‘म्हातारी’ म्हणायच्या. ‘बघ कशी बसलीये. चुलीपुढे बसल्यासारखी.’ विमान उभं असताना त्याची आतली जमीन चढणीसारखी तिरकी असे, त्यामुळे आत शिरलं की चढ चढून पुढे जावं लागे. हातात सलाईनची बाटली, मागून स्ट्रेचर, आणि पायाखाली चढ. बाई सपाट फरशीवरही थोड्या पुढे वाकून चालत, ते तेव्हापासूनच, असं त्याच सांगत.

म्हातारीच्या तक्रारी त्या एखाद्या सासूच्या सांगाव्यात तशा सांगत. पाऊस आला की पायलटच्या मांडीवर गळते. थंडीत आत बसलं की बोटं वाकत नाहीत. सुरू होताना आधी एक पंखा खोकतो, धूर सोडतो, मग दुसरा. इंजिनांवरून तेलाचे ओघळ कायम. ‘एकदा मी मेकॅनिकला म्हटलं, अरे, तेल गळतंय. तो म्हणाला, मॅडम, गळतंय तोवर ठीक आहे. गळायचं थांबलं की समजायचं, संपलं.’ हे सांगून त्या मोठ्याने हसत आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणत, ‘पण नांगरलेल्या शेतातसुद्धा उतरायची हो. दुसरं कुणी उतरलं नसतं तिथे.’

त्यांच्या सवयी सगळ्या त्या विमानातल्या. ट्रे, बाटल्या, कात्र्या, ऑक्सिजनचं सिलिंडर, जे जे म्हणून हलू शकतं ते त्या बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवत. आमचं नर्सिंग होम काही हवेत उडणार नव्हतं, पण बाईंना ते पटत नसे. ड्युटीवर आल्या की आधी वॉर्डातून एक फेरी मारत आणि प्रत्येक खाटेच्या दांडीला हात लावत. पायलट उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तसा हात लावतात म्हणे. आम्ही तरुण सिस्टर मागून त्यांची नक्कल करायचो. हसायचो. वर्षभराने माझ्या लक्षात आलं की मीही सकाळी आल्यावर प्रत्येक खाटेला हात लावतेय, आणि तसा हात लावताना पेशंटचा ताप, कण्हणं, सुटलेलं सलाईन सगळं आपोआप कळतं.

त्यांच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा पांढरा डाग होता. विचारलं की म्हणत, ‘म्हातारीने दिलाय.’ त्यापुढे काही सांगत नसत. ती गोष्ट मला कळली ती पुराच्या दिवशी.

तो पाऊस वसईतली माणसं विसरलेली नाहीत. आदल्या रात्रीपासून कोसळत होता. सकाळी मिठागरांकडच्या एका गावातून सुनंदा नावाच्या बाईला घेऊन तिचा नवरा आला. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. आली तेव्हा पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी लस दिली. पण मण्यारीचं विष श्वास बंद पाडतं. दुपारपर्यंत तिची छाती हलेनाशी झाली. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि आम्ही हवेचा फुगा हाताने दाबून तिला श्वास देऊ लागलो. मुंबईला मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं, तर रस्ते बंद. फोन बंद. मग वीज गेली.

तिचा नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, ‘बाई, पानी पायरीला लागलं.’

थोड्या वेळाने जनरेटरमध्ये पाणी शिरलं आणि तोही बंद पडला. वॉर्ड तळमजल्यावर. वरचा मजला अर्धवट बांधलेला, नुसत्या विटांच्या भिंती. लिफ्ट नाही. आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघू लागलो आणि डॉक्टर मेजरबाईंकडे. भला माणूस होता. म्हणाला, ‘मेजर, हे तुमचं काम आहे. मला काय करायचं ते सांगा.’

बाईंनी रुमाल डोक्याला घट्ट बांधला. ‘जे चालू शकतात ते शेवटी,’ त्या ओरडल्या. ‘जे शुद्धीवर नाहीत ते आधी. डोकं वरच्या बाजूला. जिन्यावर कुणी पळायचं नाही.’ रिक्षावाले, नातेवाईक, वॉचमन, समोरच्या गाळ्यातले वेल्डिंगवाले, सगळ्यांना त्यांनी रांगेत लावलं. सुनंदाला फळीवर बांधून वर नेलं. नेताना मी तिच्या डोक्याशी, एकेक पायरी उलटी चढत, फुगा दाबत. घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. वर पोचल्यावर मी म्हणाले, ‘बाई, मला नाही जमणार. मी चुकले तर ही जाईल.’

त्या माझ्या शेजारी खाली बसल्या, विटांवर. ‘तिच्याकडे बघू नकोस. स्वतःचा श्वास बघ. तू घेतलास की तिला दे. एवढंच करायचं. तू श्वास घ्यायला विसरणार आहेस का?’

‘नाही.’

‘मग तीही नाही विसरणार.’

वर सगळे दाटीने बसलेले. लहान मुलं रडत होती, एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, इमारत पडेल. घबराट पसरायला लागली. तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या आवाजात, जो त्या पावसातही शेवटच्या माणसाला ऐकू जात होता, गोष्ट सांगू लागल्या.

एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे भातशेतात एक कच्ची धावपट्टी होती. तिथून जखमींना घेऊन डकोटा निघाली. विमान जखमींनी भरलेलं, एकावर एक टांगलेली स्ट्रेचर. वर गेल्यावर डावा पंखा थांबला. खिडकीशी एक जवान होता, पाय गेलेला. त्याने बाहेर पाहिलं आणि विचारलं, ‘सिस्टर, ये पंखा क्यों बंद हो गया?’

‘मी काय सांगणार? म्हटलं, पेट्रोल बचा रहे हैं.’

वरच्या मजल्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

‘तो म्हणाला, हाँ सिस्टर, हमारा सूबेदार भी ऐसा ही है. हर चीज़ में बचत. आणि झोपला. खरंच झोपला! मग विमान हलकं करायला म्हणून पेट्या टाकल्या, सीटा टाकल्या, माझी बॅग टाकली. माझे एकमेव चांगले बूट त्यात होते. एका इंजिनावर म्हातारीने आम्हाला पोचवलं. हळूहळू, कुरकुरत, पण पोचवलं. एकही माणूस वाटेत गेला नाही. उतरल्यावर मी धावत बाहेर गेले आणि त्या चालू राहिलेल्या इंजिनावर हात ठेवला, शाबासकी द्यायला. विसरले की ते तापलेलं असतं.’ त्यांनी उजवा हात वर करून सगळ्यांना तळवा दाखवला. ‘तेव्हा, एक इंजिन बंद पडलंय म्हणून कुणी रडायचं नाही. दुसरं चालू आहे. ते बघा, शुभा बसलीय.’

शुभा म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी श्वास घेतला, तिला दिला, पुन्हा घेतला.

मी थकले की दुसरी सिस्टर, ती थकली की डॉक्टर, मग सुनंदाचा नवरा. बाईंनी त्यालाही शिकवलं. तो बायकोला श्वास देत असताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. देवाचं असेल, किंवा तिचं नाव असेल. सकाळी पाणी ओसरू लागलं तेव्हा सुनंदाच्या डाव्या हाताचं बोट हललं. त्याने ते आधी पाहिलं. ‘बाई, हिचं बोट!’ असा ओरडला की खाली रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. पुढे ती पूर्ण बरी झाली. दर वर्षी पावसाळा संपला की नवऱ्याबरोबर सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन यायची. बाईंना एक, मला एक. मी शाकाहारी आहे हे मी तिला कधीच सांगितलं नाही. माझी पिशवीही निर्मळला जायची.

त्यानंतर काही वर्षांनी बाईंना कुणी जुन्या सहकाऱ्याने कळवलं की देशावर एका लष्करी तळाच्या फाटकापाशी एक डकोटा शोभेला ठेवली आहे. बाई साठी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘चल, म्हातारीला भेटून येऊ.’ भावाच्या वाडीतला सोनचाफा केळीच्या पानात बांधून घेतला आणि आम्ही एसटीने निघालो. घाटात मला व्हायचं ते झालं. बाईंनी पाठ चोळली आणि माझ्या कानात ओरडून सांगितलं की पोटात काही नसलं की डोकं हलकं राहतं.

विमान दिसलं आणि त्या थबकल्या. सिमेंटच्या तीन खांबांवर ते आडवं, सरळ ठेवलं होतं, उडत असल्यासारखं. चांदीसारखा चकचकीत रंग दिला होता.

‘हे काय केलंय हिचं!’ त्या म्हणाल्या. ‘शेपूट उचलून ठेवलंय. आणि हा रंग! लग्नात नवरीच्या आजीला पावडर फासतात तसं.’

पहारेकऱ्याने आम्हाला हटकलं. बाईंनी जुनं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, खाडकन सॅल्यूट ठोकला आणि आतून एका तरुण अधिकाऱ्याला बोलावून आणलं. बाईंना मूल असतं तर ते त्याच्याच वयाचं असतं. बाई त्याला म्हणाल्या, ‘बेटा, मला आत जायचंय.’ तो म्हणाला, ‘मॅम, आत काही उरलेलं नाही. नुसती कबुतरं आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘चालेल.’ त्याने शिडी मागवली.

त्या चढल्या. त्यांच्या मागोमाग मीही. आत सीटा नव्हत्या, पट्टे नव्हते, खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या. कबुतरांची पिसं आणि गरम पत्र्याचा वास. बाई मधोमध उभ्या राहिल्या. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींशी पोचतील की काय, असं वाटावं इतकी जागा.

‘किती लहान आहे गं,’ त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. ‘एवढ्याशा जागेत आम्ही एवढ्या माणसांना कसं झोपवायचो?’

मग त्या खाली बसल्या, जमिनीवरच. मी शेजारी बसले. नंतर त्यांनी मला दुसऱ्या एका फेरीतल्या मुलाबद्दल सांगितलं. पोटात गोळी लागलेला. सारखं पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं. बाईंनी ओठ ओले केले, कापूस भिजवून धरला, पण पाणी दिलं नाही. विमान उतरायच्या आधी तो गेला. ‘वाचणार नाही हे मला चढवतानाच दिसत होतं. द्यायला हवं होतं का गं मी? एक घोट?’

मी नर्स होते, मला नियम माहीत होता. पण तो नियम त्यांना मी काय सांगणार? मी नुसता त्यांचा हात धरला.

‘इतरांना त्या विमानाच्या आवाजाचा त्रास व्हायचा,’ त्या म्हणाल्या. ‘मला नाही झाला. तो मुलगा गेल्यावर मी रडले, मोठ्याने, उतरेपर्यंत. बाजूच्या स्ट्रेचरवरच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. म्हातारीने लपवलं मला. उतरल्यावर तोंड पुसलं आणि बाकीच्यांना उतरवून घेतलं. तिने मला कधी पाडलं नाही, शुभा. जी माणसं गेली ती गोळ्यांनी गेली. जी वाचली ती हिने आणली.’

केळीचं पान सोडून त्यांनी सोनचाफ्याची फुलं जमिनीवर ठेवली, एका भिंतीशी, जिथे सर्वांत खालचं स्ट्रेचर असे. त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला ती बोली येत नाही. पण आभार कुठल्याही बोलीत कळतात. खाली तो तरुण अधिकारी शिडी धरून उभा होता. त्याच्यासाठी बाईंनी एक फूल राखून ठेवलं होतं. त्याने ते गणवेशाच्या खिशात ठेवलं, हे नियमात बसत नसणार.

परतीच्या प्रवासात बाई गाढ झोपल्या.

मग त्यांनी नोकरी सोडली. गुडघे दुखू लागले होते, स्कूटर भावाच्या नातवाला देऊन टाकली होती. माझ्या हाती वॉर्ड देताना भाषण वगैरे केलं नाही. टेबलामागच्या भिंतीवरचा फोटो काढून पिशवीत घातला आणि म्हणाल्या, ‘तुझं जे असेल ते लाव इथे.’ मी बरीच वर्षं तिथे काहीच लावलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निर्मळला, त्यांच्या पुतण्याच्या मुलीच्या लग्नात. पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेत, कुणालाही त्रास न देता. पण त्या संध्याकाळी तसं काहीच मनात नव्हतं. चर्चमधून वरात घरी आली होती. वाडीत मांडव, केळीच्या झाडांना दिव्यांच्या माळा, बँड जोरात चाललेला. मी बाईंना शोधत होते आणि त्या मला सापडेनात, कारण मी करडा फ्रॉक शोधत होते.

त्या दिवशी त्यांनी आईचं लाल लुगडं नेसलं होतं. जुन्या पद्धतीचं, घट्ट कासोट्याचं. केसांत अबोलीची वेणी, गळ्यात सोन्याची पोत. कुणीतरी म्हातारी आजी असावी असं समजून मी दोनदा त्यांच्यावरून नजर फिरवली. नाचणाऱ्या बायकांची रांग होती, प्रत्येकीचा हात पुढचीच्या कमरेला, आणि रांगेच्या सगळ्यात पुढे मेजरबाई. गुडघे दुखत होते ते कुठे गेले, कोण जाणे. मांडवातून रांग बाहेर निघाली, विहिरीला वळसा घालून केळीच्या ओळींमधून फिरली आणि परत आली. येताना माझ्यासमोरून गेली. बाईंनी मला पाहिलं. बोलावलं नाही, हातही केला नाही, नुसतं मागे बोट दाखवलं, रांगेच्या शेपटाकडे, आणि पुढे निघून गेल्या.

मला नाचता येत नाही. मी चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या, पदर खोचला आणि शेवटच्या बाईच्या कमरेला हात लावला.